हिशोबाची वही न मांडता वायफळ खर्चाला बांध



काही वर्षांपूर्वी एका गावातील शेतकरी मेळाव्यात 'कुटुंबाचे मासिक अंदाजपत्रक' या विषयावर बोलण्याची कामगिरी माझ्याकडे आली होती. सोबत छापील तक्ते नेले होते. डाव्या बाजूला महिन्याची जमा, उजव्या बाजूला महिन्याचा खर्च, खाली शिल्लक. भाषण झाल्यावर तक्ते वाटले. पुढच्या रांगेतील एका वयस्कर शेतकऱ्याने तक्ता उलटसुलट पाहिला आणि विचारले, "सर, ह्यात जमेला बारा घरं हायेत. आमची जमा दोनदाच येती. बाकीच्या दहा घरांत काय लिहू?" मंडपात हशा पिकला. मीही हसलो, परंतु उत्तर माझ्याकडे नव्हते.

पगारदाराचे अंदाजपत्रक शेतकऱ्याच्या घरात बसत नाही, त्याचे कारण त्या प्रश्नात आहे. सोयाबीनची पट्टी दसरा-दिवाळीत येते, हरभऱ्याची होळीच्या आसपास. मधल्या काळात दूध असेल तर थोडा आधार, नाहीतर हातउसने. जमा एकदम येते आणि खर्च रोज होतो. शिवाय पाऊस किती दिवस उघडेल, अळी कधी पडेल, कोणाला दवाखान्यात न्यावे लागेल, हे कोणत्याही तक्त्यात आधी लिहिता येत नाही. रोज रात्री वही घेऊन बसा, असा सल्ला देणे सोपे आहे. दिवसभर कोळपणी करून आलेल्या माणसाने ती आठ दिवस लिहिली तरी पुष्कळ झाले.

म्हणून या लेखात वही बाजूला ठेवू. जमिनीतून माती वाहून जाऊ नये म्हणून आपण सगळ्या शेतावर पहारा ठेवत नाही. पाणी जिथून फुटते तेथे बांध घालतो. पैशाचेही तसेच आहे. माझ्या पाहण्यात शेतकऱ्याचा वायफळ खर्च मुख्यतः तीन ठिकाणी फुटतो : पट्टी हातात आल्यानंतरचा आठवडा, कृषी सेवा केंद्राचा गल्ला आणि मोबाइलवरून पैसे देण्याची सवय. या तीन जागा बांधल्या तर बाकीचा हिशोब न लिहिला तरी चालतो.

पट्टीच्या आठवड्याचा बांध

आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो. सन २००३ ची दिवाळी. मी तेव्हा शाळेत होतो. चार एकर कोरडवाहू जमिनीत त्या वर्षी सोयाबीन चांगले पिकले. वडील पट्टी घेऊन आले आणि आठ दिवसांच्या आत दारात हप्त्यावरची मोटारसायकल उभी राहिली. भावकीत सगळ्यांकडे गाडी होती, आमच्याकडे नव्हती, एवढेच कारण. उरलेल्या रकमेचे कपडे, पाहुणचार आणि किरकोळ देण्याघेण्यात काय झाले, ते कोणालाच सांगता आले नाही. उधळपट्टी म्हणावी असे त्यात काही नव्हते. प्रत्येक खर्च त्या त्या वेळी योग्यच वाटला होता.

मृग आला तेव्हा बियाण्याला पैसा नव्हता. वडील तालुक्याच्या दुकानातून उधारीवर पिशव्या घेऊन आले. उधारीचे गिऱ्हाईक निवड करू शकत नाही. जे दिले ते आणले, पावती मागितली नाही, कारण उधारी मागणाऱ्याला पावती मागण्याचा संकोच वाटतो. उगवण विरळ झाली. पावती नसल्याने तक्रार कोठे करणार? दुबार पेरणी झाली, तीही उधारीवर. त्या साली पीक उशिरा आले, दाणा भरला नाही आणि गाडीचे हप्ते थकून गाडी परत गेली.

त्यानंतर आईने एक नियम घातला. पट्टी आली की घरात येण्याआधी ओट्यावरच तिचे भाग पडत. तिने तीन पत्र्याचे डबे केले होते : बियाणे, दवाखाना आणि शाळा. डबे भरल्यावर जे उरे ते वडिलांच्या हाती. "ह्याचं काय करता ते मी इचारणार नाही," असे ती म्हणे आणि खरोखर विचारत नसे. आईला लिहिता येत नव्हते. तिने कधी हिशोब ठेवला नाही. परंतु त्यानंतर बियाण्यासाठी उधारी झाली नाही आणि शाळेच्या डब्यातून माझी कृषी महाविद्यालयाची पहिली फी गेली.

पुढे पदव्युत्तर शिक्षण घेताना शेती अर्थशास्त्राचे धडे वाचले, तेव्हा लक्षात आले की आईची पद्धत आणि मी वाटलेला तक्ता यांत मुख्य फरक क्रमाचा आहे. तक्त्यात खर्च आधी आणि शिल्लक शेवटी. आईकडे शिल्लक आधी आणि खर्च शेवटी.

हेच आजच्या आकड्यांत मांडून पाहू. समजा, आपले पाच एकर सोयाबीन आहे. एकरी ६ क्विंटल उतारा आणि क्विंटलला ४,५०० रुपये दर धरला तर ३० क्विंटलचे १,३५,००० रुपये होतात. आकडा मोठा दिसतो, आणि धोका नेमका येथे आहे. काढणी व मळणीचे २४,००० गेले. घेतलेले पीककर्ज ५०,००० परत करावयाचे आहे. उरले ६१,०००. पुढच्या खरिपाची नांगरणी, खत व फवारणी यांसाठी २५,००० आणि मुलांच्या शिक्षणासाठी १०,००० बाजूला काढले. हाती राहिले २६,०००. दिवाळी ते महाशिवरात्र साधारण सोळा आठवडे धरले, तर आठवड्याला सुमारे १,६०० रुपये पडतात. दूध किंवा मजुरीचे पैसे वेगळे.

सव्वा लाखाची पट्टी खिशात असलेला माणूस आणि आठवड्याला सोळाशे रुपये असलेला माणूस एकच आहे. परंतु पहिला मोबाइलच्या दुकानात शिरतो, दुसरा शिरत नाही. आपापले आकडे घालून हे गणित वर्षातून एकदा, पट्टीच्या दिवशी करावे. त्यानंतर त्या सोळाशे रुपयांतून काय आणले, याची नोंद ठेवण्याची गरज नाही. ते पैसे मोकळे आहेत. त्यातून भजी खाल्ली तरी हरकत नाही.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. पीककर्ज फेडले की नवे मिळते, मग खरिपाचे पैसे बाजूला कशाला काढायचे? कारण साधे आहे. नवे कर्ज मंजूर होऊन खात्यावर पडणे आणि पेरणीयोग्य पाऊस होणे या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडतील, असा भरवसा नाही. मधल्या पंधरा दिवसांत माणूस उधारीच्या गल्ल्यावर जातो. ते पंधरा दिवस निभावण्यापुरती रक्कम आपली असली पाहिजे.

बाजूला काढलेली रक्कम डब्यात ठेवण्याचे दिवस आता राहिले नाहीत. मुदत ठेव मे महिन्यात परत मिळेल अशा बेताने बँकेत ठेवावी. बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही, म्हणून अर्धा-एक टक्का जादा व्याजासाठी बियाण्याचा पैसा तेथे अडकवू नये, असे माझे मत आहे.

माल हाच डबा

पैसा हातात राहत नाही, पण पोते कोठीत राहते. सर्व माल एकाच दिवशी आडतीवर नेण्याऐवजी देणी भागतील एवढाच माल आधी विकावा व उरलेला गरजेप्रमाणे काढावा. घरात रोख कमी राहिली की खर्चही आपोआप आवरतो. दर वाढेलच असे मी म्हणत नाही. सोयाबीन ठेवून दर पडल्याचे अनुभव आपणा सर्वांना आहेत. येथे उद्देश दराचा नाही, रोख रक्कम एकदम हाती न येऊ देण्याचा आहे. अधिक रोखीची गरज भासल्यास महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. सन १९९०-९१ पासून चालू असलेल्या या योजनेत सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल योजना राबविणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. आपली बाजार समिती ही योजना राबविते का, याची चौकशी काढणीपूर्वीच करून ठेवावी.

कृषी सेवा केंद्राचा गल्ला

ही सर्वांत मोठी भगदाड असलेली जागा आहे. त्यामुळे तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

दुकानात शिरल्यावर आपण पहिले वाक्य काय बोलतो, ते आठवून पाहा. "सोयाबीन पिवळं पडायलंय, काय देता?" या वाक्यात आपण रोगाचे निदानही दुकानदारावर सोपविले आणि पाकीटही. दुकानदार वाईट असतो असे नाही. पुष्कळ दुकानदार अनुभवी असतात आणि खरा सल्लाही देतात. परंतु माल विकणे हा त्यांचा धंदा आहे. "काय देता?" या प्रश्नाचे "काही नको, दोन दिवस वाफसा येऊ द्या" हे उत्तर त्यांच्याकडून वारंवार मिळेल अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. सतत पाणी साचल्याने पिवळे पडलेले सोयाबीन वाफसा आल्यावर व कोळपणी केल्यावर बहुतेक वेळा आपोआप सुधारते, हे आपणही पाहिले असेल.

म्हणून नियम एकच. दुकानात जाताना चिठ्ठी घरून लिहून न्यावी व चिठ्ठीबाहेरची वस्तू त्या दिवशी घेऊ नये. दुकानदाराने सुचविलेली वस्तू चांगली वाटली तर तिचे नाव चिठ्ठीच्या मागे लिहून आणावे, तालुक्यातील कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञास विचारावे व पटल्यास पुढच्या खेपेस घ्यावी. पिकाला उशीर होईल ही भीती दाखविली जाते. ज्या गोष्टीला दोन दिवसही थांबता येत नाही अशी गोष्ट सहसा कीड किंवा रोग असते, टॉनिक नसते.

आता चिठ्ठी कशी लिहावयाची ते पाहू. सोयाबीनच्या खताचे उदाहरण घेऊ. मराठवाड्यासाठी हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ३० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकरी हिशोब १२ : २४ : १२ किलो होतो. डीएपीच्या ५० किलोच्या एका बॅगेत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असते. सोबत २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश दिले की १२ किलो पालाश झाले. गंधकाची गरज वेगळी भागवावी लागते. किंवा डीएपी मिळत नसेल तर सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगांतून २४ किलो स्फुरद मिळते, गंधकही त्यातच येते, आणि २६ किलो युरियातून १२ किलो नत्र मिळते. पालाश वरीलप्रमाणेच. एवढे झाले की सोयाबीनचे खत संपले. माती परीक्षणात स्फुरद किंवा पालाश भरपूर आढळल्यास याहूनही कमी लागेल. सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात व हवेतील नत्र त्या स्थिर करतात. त्यामुळे उभ्या पिकात युरियाची दुसरी मात्रा देण्याची गरज नसते. ती दिल्यास पीक नुसते माजते, अळीला कोवळा पाला मिळतो आणि शेंगा वाढत नाहीत. तरीही पेरणीनंतर महिन्याने युरिया नेणारे शेतकरी दरवर्षी भेटतात. शेजाऱ्याने टाकला, एवढेच त्याचे कारण असते.

खताच्या बॅगेसोबत एखादे दाणेदार उत्पादन किंवा द्रव बाटली घेतलीच पाहिजे, अशी सक्ती काही ठिकाणी होते. यास आपल्याकडे 'लिंकिंग' म्हणतात. अशी सक्ती करण्यास मनाई आहे. खत पॉस यंत्रावर अंगठा देऊनच विकावयाचे असते व पावती मिळणे हा आपला हक्क आहे. सक्ती झाल्यास पावतीसह तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. रोखीने खरेदी करणाऱ्याला हे बोलता येते. उधारीवाल्याला बोलता येत नाही, ही खरी अडचण आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

टॉनिके, ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्ले यांना आता जैव उत्तेजके म्हणतात. पूर्वी हा सर्व माल जवळजवळ मोकाट विकला जाई. सन २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन ही उत्पादने नियमाखाली आली. यातील काहींचा विशिष्ट परिस्थितीत उपयोग असतो, हे मी नाकारत नाही. परंतु ज्या शेतात बीजप्रक्रिया केली नाही, रायझोबियम लावले नाही व तण वेळेवर काढले नाही, त्या शेतात टॉनिकची बाटली म्हणजे गळक्या हौदात पाणी ओतणे. प्रथम स्वस्त कामे पूर्ण करावीत. त्यानंतरही बाटलीचा मोह झाला तर अर्ध्या एकरावर मारून पाहावे व उरलेले पीक तसेच ठेवावे. काढणीला दोन्हीकडची पोती वेगळी मोजावीत. आपल्या शेतातला हा प्रयोग कोणत्याही जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह आहे.

कीटकनाशकाच्या बाबतीत चिठ्ठी लिहिण्यापूर्वी शेतात जाऊन मोजणी करावी. एकरात पाच-सहा ठिकाणी दोन ओळींमध्ये पांढरे कापड किंवा रिकामे पोते अंथरून मीटरभर ओळ झटकावी व पडलेल्या अळ्या मोजाव्यात. फुलोऱ्यापूर्वी पाने खाणाऱ्या लहान अळ्या मीटरभर ओळीत सरासरी चारपेक्षा कमी असतील तर रासायनिक फवारणीचा खर्च करू नये, ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा ठरतो. हरभऱ्यात घाटे अळी मीटरभर ओळीत एक-दोन दिसू लागली की उपाय योजावा. कपाशीवरील गुलाबी बोंड अळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग सापडले, किंवा दहा टक्के फुले अगर बोंडे किडली, तर फवारणी करावी. या मोजणीला अर्धा तास लागतो. त्यात एक फवारणी वाचली तर औषध आणि मजुरी दोन्ही वाचते.

"सोबत हेही टाका" म्हणून तीन-चार औषधे एकाच पंपात मिसळण्याची सवय तर पैशापलीकडे जाते. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. हातमोजे, तोंडावरील मुखपट्टी व चष्मा यांवरील खर्च वाचवू नये.

उधारी किती महाग पडते

उधारीचा दर बहुधा बोलला जात नाही. तरीही तो असतो. समजा, जूनमध्ये ४०,००० रुपयांचा माल उधारीवर उचलला व महिन्याला शेकडा दोन दराने व्याज लागले. सहा महिन्यांचे ४,८०० रुपये झाले. ज्याच्याकडून उधारी घेतली त्यालाच माल घालावा लागला व क्विंटलमागे १०० रुपये कमी मिळाले, तर ३० क्विंटलचे आणखी ३,००० गेले. एकूण ७,८००. रोखीच्या व उधारीच्या भावातला फरक यात धरलेलाच नाही. हीच रक्कम पीककर्जातून ७ टक्क्यांनी घेतली असती तर सहा महिन्यांचे व्याज १,४०० रुपये झाले असते. शिवाय केंद्राची सवलत व राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास व्याज भरावे लागत नाही. म्हणून पट्टीच्या दिवशी पहिला भाग पीककर्जाचा काढावा. थकबाकीदार झाले की ही सवलतही जाते आणि नवे कर्जही, आणि मग उधारीशिवाय वाट उरत नाही.

एकदम सर्व उधारी बंद होणार नाही. पहिल्या वर्षी निदान बियाणे तरी रोखीचे किंवा घरचे असावे. दुसऱ्या वर्षी खत. फवारणीची उधारी शेवटी सुटते.

घर आणि बाजार

घरखर्चाबद्दल मी कमी लिहिणार आहे, कारण ते क्षेत्र आमच्या भगिनी आमच्यापेक्षा चांगले सांभाळतात. दोन सूचना मात्र उपयोगी पडलेल्या आहेत.

पहिली, मोबाइलवरून पैसे देण्याचे खाते वेगळे ठेवावे. ज्या खात्यात पट्टीचे पैसे जमा होतात ते मोबाइलला जोडू नये. दुसऱ्या लहान खात्यात आठवड्याचे पैसे टाकावेत व तेच जोडावे. नोट मोडताना हात अडखळतो, मोबाइल दाखवताना अडखळत नाही. खाते रिकामे झाले की त्या आठवड्याचा बाजार संपला, असे समजावे.

दुसरी सूचना 'एक बाजार सोडून' या नावाने आमच्याकडे चालते. हजार रुपयांच्या वरची कोणतीही नवी वस्तू मनात आली की तो बाजार जाऊ द्यावा व पुढच्या बाजारी घ्यावी. मधल्या आठवड्यात निम्म्या वस्तूंची आठवण राहत नाही. आमच्या घरी मिक्सर मात्र तीन बाजार थांबून घेतला आणि अजून चालतो आहे.

यंत्राच्या बाबतीत एका बाजाराऐवजी एक हंगाम थांबावे. आधी भाड्याने वापरून पाहावे. यंत्रखर्चाच्या हिशोबात ट्रॅक्टरचा वार्षिक वापर साधारण १,००० तास धरतात. पाच एकर कोरडवाहू शेतीत स्वतःचे काम शंभर तासही भरणे कठीण. बाकीचे तास भाड्याने चालविण्याची तयारी व गिऱ्हाईक दोन्ही असतील तरच ट्रॅक्टर दारात आणावा. गावात चार घरांपुढे उभा आहे, हे कारण पुरेसे नाही. हे लिहिताना मला आमच्या दारातून परत गेलेली मोटारसायकल आठवते, हे कबूल करतो.

जेथे हात आखडू नये

काटकसर म्हटली की माणूस आधी स्वस्तातली उपयुक्त गोष्ट सोडतो. बीजप्रक्रियेचे बुरशीनाशक व जिवाणू संवर्धक यांचा एकरी खर्च एका टॉनिकच्या बाटलीपेक्षा कमी असतो, आणि तोच आधी वगळला जातो. पीकविम्याचेही तसेच होऊ लागले आहे. सन २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात मिळणारा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपातील अन्नधान्य व तेलबियांसाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्यास भरावा लागतो. भरपाई मिळण्यातील विलंबाचा राग मी समजू शकतो. तरीही सर्व जमीन कोरडवाहू असणाऱ्याने हा हप्ता पट्टीच्या दिवशीच खरिपाच्या भागात धरून ठेवावा, असे मी सुचवीन.

सुरुवात बियाण्यापासून

या सर्वांतून एकच गोष्ट यंदा करावयाची असेल तर ती बियाण्याची करावी. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. त्याचे सरळ वाण असतात, संकरित नसतात. त्यामुळे एकदा प्रमाणित बियाणे घेतल्यावर पुढील दोन-तीन वर्षे घरचे बियाणे वापरता येते. पिशवीतल्या बियाण्याचा किलोचा भाव आडतीवरच्या सोयाबीनच्या दुपटीच्या घरात किंवा वर असतो, हे आपणास ठाऊक आहे. पाच एकरांसाठी एकरी ३० किलोप्रमाणे १५० किलो लागते. रुंद वरंबा सरी यंत्राने पेरणी केल्यास एकरी २२ किलोच्या आसपास भागते. चाळणीत व निवडीत जाणारा वाटा धरून दोन क्विंटल राखावे.

बियाण्यासाठी निवडलेल्या प्लॉटमधील भेसळीची व रोगट झाडे आधी उपटून टाकावीत. पावसात भिजलेला भाग बियाण्याला घेऊ नये. मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० पर्यंत कमी करावेत, कारण सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते व आपटले की अंकुर दुखावतो. दाणे सावलीत चांगले वाळवून पोती लाकडी फळ्यांवर ठेवावीत. थप्पी उंच लावू नये, खताच्या बॅगांशेजारी ठेवू नये, पोती आपटू नयेत.

मे महिन्यात उगवणक्षमता तपासावी. पोत्याच्या वेगवेगळ्या भागांतून घेतलेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करावी, पाणी शिंपडून ओल टिकवावी व सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरेसे आहे. त्याखाली प्रत्येक एका टक्क्यासाठी एकरी अर्धा किलो वाढवावे, म्हणजे ६५ टक्के असल्यास साडेबत्तीस किलो. ६० टक्क्यांच्या खाली असल्यास ते बियाणे म्हणून वापरू नये. ती गोष्ट मे महिन्यात कळली तर दुसरे बियाणे पाहण्यास तीन-चार आठवडे हाती असतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय मात्र घरचे असो वा विकतचे, कोणतेही बियाणे मातीत घालू नये.

काढणीनंतर आडतीची गाडी बोलावण्यापूर्वी ही दोन क्विंटलची पोती खळ्यावरच वेगळी करावीत, गेरूने त्यांवर ठळक खूण करावी व गाडी दारात येण्याआधी आतल्या खोलीत नेऊन ठेवावीत. किल्ली घरातील भगिनींकडे द्यावी.